लिक्विड कूलिंग लावायचंय? मग जुना कूलर घरी ओढून काढू नका

नागपुरात ‘कूलर’ म्हटलं की माणसाला आधी खसच्या ताट्या आणि पाण्याची टाकी आठवते. म्हणून या कागदापुरतं ठरवून घेऊ : कूलर म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपच्या, डोक्यावर बसून तिची उष्णता काढतो तो. आणि ‘सीपीयू’ म्हणजे हा प्रोसेसर, टेबलाखालचा अख्खा डबा नव्हे; डब्याला आपण कॅबिनेट म्हणू.

मार्च लागला की दुकानात रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं, “भाऊ, मशीन लय तापते, लिक्विड टाकून द्या.” लिक्विड म्हणजे पाण्याने उष्णता वाहून नेणारा कूलर. टाकून देतो, आनंदाने देतो, तो आमचा धंदाच आहे. पण काही जण घरीच मशीन उघडतात, जुना एअर कूलर, म्हणजे नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर चालणारा, ओढून काढतात आणि पिशवीत कूलर व त्याला चिकटलेला प्रोसेसर घेऊन येतात. तशी पिशवी भरण्याआधी हा कागद तुमच्या हातात पडावा म्हणून छापला आहे.

मुळा उपटावा तसा प्रोसेसर

एएमडी कंपनीच्या रायझनचे एएम४ सॉकेटवाले (सॉकेट म्हणजे मदरबोर्ड या मुख्य पाटीवरची प्रोसेसरची बैठक) प्रोसेसर २०१७ साली आले आणि अजून घरोघरी चालू आहेत. तुमच्याकडे रायझन ५ ३६००, ५६०० किंवा ५६००जी असेल तर पुढचं नीट वाचा. या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात आणि त्या सॉकेटच्या भोकांत बसतात. बाजूची दांडी खाली केली की सॉकेट त्या पिनांना आतून चिमटतं. बस, एवढीच पकड. वरून दाबून धरणारी पट्टी नाही, फ्रेम नाही. त्याच्यावर थेट थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा लेप, आणि पेस्टवर कूलर.

नवी असते तेव्हा ही पेस्ट टूथपेस्टसारखी मऊ असते. दोन-तीन उन्हाळे काढले की वाळते आणि गोंदासारखी धरते. अशा थंड पडलेल्या मशीनचे चार स्क्रू सोडवून कूलर सरळ वर ओढला, तर पेस्ट सोडत नाही आणि सॉकेटची पकड तिच्यापुढे कमी पडते. दांडी बंद असतानाच प्रोसेसर पिनांसकट वर येतो. नशीब असेल तर पिना सरळ राहतात. नाहीतर कडेच्या रांगेतल्या चार-सहा आडव्या होतात.

गेल्या मे महिन्यात एक इंजिनिअरिंगचा मुलगा असाच आला. त्याने वाकलेल्या पिना घरी सुईने सरळ करायचा प्रयत्न केला होता, त्यात दोन तुटल्या. लिक्विड कूलरसाठी साठवलेले पैसे त्याला नव्या प्रोसेसरवर घालावे लागले, आणि वर पुन्हा तोच जुना कूलर बसवून आम्ही मशीन परत दिलं. त्याच्याइतकंच वाईट आम्हालाही वाटलं, कारण विक्री आमचीही गेली.

वाकलेली पिन आम्ही भिंगाखाली धरून, शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलच्या तोंडाने एकेक करून सरळ करतो. तास-दीड तास सहज जातो, आणि तेवढ्या वेळाचे पैसे घेतो. “पाच मिनिटांचं काम आहे” असं म्हणणाऱ्यांना आम्ही स्टूल देतो आणि शेजारी बसून बघायला सांगतो. पिना वाकणं वॉरंटीत धरलं जात नाही, तेव्हा त्यावरून काउंटरवर वाद नको.

इंटेल या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवाल्यांचं आणि २०२२ नंतरच्या एएम५ रायझनवाल्यांचं तसं नसतं. त्यांच्या पिना मदरबोर्डवर असतात आणि प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे कूलरबरोबर उपटून येत नाही. पण म्हणून निश्चिंत होऊ नका. इंटेलच्या कूलरचे चार प्लास्टिकचे खुंटे न फिरवताच ओढणारेही आम्ही पाहिले आहेत.

एवढं सांगूनही स्वतःच काढायचा असेल तर असं करा. मशीन पंधरा-वीस मिनिटं एखाद्या जड गेमवर चालवा, म्हणजे पेस्ट गरम होऊन मऊ पडेल. मग बंद करून वायर काढा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सोडवा. कूलर वर ओढू नका, आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, अडकलेल्या बरणीचं झाकण फिरवतो तसा. सुटला असं हाताला जाणवलं की मगच उचला. आणि तरी प्रोसेसर चिकटूनच आला, तर मध्ये स्क्रूड्रायव्हर घालू नका. आहे तसा कडक डबीत ठेवून आणा.

अजून एक. रायझनच्या चार स्क्रूवाल्या कूलरचे स्क्रू सुटले की मदरबोर्डच्या मागची लोखंडी प्लेट खाली पडते. तिला कचरा समजू नका. पुष्कळ लिक्विड कूलर त्याच प्लेटवर बसतात. कूलर अडकवायच्या, मदरबोर्डवरच्या दोन काळ्या प्लास्टिक पट्ट्यांचंही तेच. ही प्लेट हरवली म्हणून लिक्विड कूलर खोक्यात तसाच पडून राहिलेली गिऱ्हाईकं आमच्याकडे आहेत.

“चालू मशीन आणा” असं आम्ही का म्हणतो

काहींना वाटतं, दुकानदाराला मशीन ठेवून घेऊन बिल वाढवायचं आहे. खरी गोष्ट उलटी आहे. आम्ही आधी जुन्या कूलरवरच तपासणी करतो : मशीन नुसतं सुरू असताना तापमान किती, लोड, म्हणजे जड काम, दिल्यावर किती, पंखा किती वेगाने फिरतो. बऱ्याचदा रोग तिथेच कळतो. पेस्ट वाळलेली असते, कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची चादर असते किंवा कॅबिनेटचा मागचा पंखा वर्षभर बंदच असतो. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली की मशीन थंड. अशा गिऱ्हाइकाला आम्ही लिक्विड विकत नाही. सर्व्हिसचे पैसे घेतो आणि घरी पाठवतो. पुढच्या वेळी नवीन मशीन बनवताना तो आमच्याकडेच येतो, हा आमचा हिशेब, लपवायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे माप. ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून ३६० चा रेडिएटर (लिक्विड कूलरची पंखे लावलेली, पाणी निववणारी जाळी) मागवतात आणि कॅबिनेटमध्ये जागा २४० ची. ‘२४०’ म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन पंखे. रेडिएटरची लांबी त्याहून जास्त, पावणेतीनशेच्या आसपास भरते. ३६० वाला चारशेच्या जवळ जातो. जाडीही मोजावी लागते : रेडिएटर साधारण २७, पंखा २५, म्हणजे वरच्या बाजूला सव्वापाच सेंटिमीटर जागा हवी. उंच रॅम असेल तर नेमकी तिथेच अडते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी सॉकेटही बघावं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून मदरबोर्डवरच्या भोकांमधलं अंतर ७५ चं ७८ मिलिमीटर झालं, त्यामुळे जुन्या कूलरला वेगळं किट लागतं. हे सगळं फोनवर सांगता येत नाही. मशीन समोर हवं.

पाणी थंडावा देत नाही

आपल्या इकडे हा गैरसमज फार आहे, आणि त्याचं कारण खिडकीतला कूलर. त्यात पाणी ताट्यांवरून उडून जातं, उडताना उष्णता घेतं, म्हणून वारा बाहेरच्या हवेपेक्षा गार लागतो. माठाचंही तेच. कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलरमधलं पाणी बंद आहे, उडत नाही. ते फक्त हमाली करतं : प्रोसेसरवरच्या तांब्याच्या प्लेटमधून उष्णता उचलायची, नळीतून रेडिएटरपर्यंत न्यायची, तिथे पंखे ती खोलीत सोडतात. खोलीत ४० डिग्री असेल तर ते पाणी ४० च्या खाली जाणारच नाही. “लिक्विड लावलं तरी मे महिन्यात ७५ दाखवतंय” ही तक्रार नाही, तो मे महिना आहे. बर्फाचं पाणी भरता येईल का, असंही विचारतात. नाही. आतलं द्रव कंपनीने भरून सील केलेलं असतं, त्यात गंज धरू न देणारी औषधं असतात, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात राहतात. नळाचं पाणी तर नकोच नको.

मग फायदा काय? एअर कूलर उष्णता प्रोसेसरच्या डोक्यावरच सोडतो, लिक्विड ती कॅबिनेटच्या कडेला नेऊन बाहेर टाकतो. इंटेलचा कोअर आय९-१३९००के सारखा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत खातो. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यांना तिथे ३६० चा रेडिएटर घ्यायलाच आम्ही सांगतो. रायझन ५ ५६०० सारख्या ६५ वॅटवाल्याला मात्र चांगला टॉवर एअर कूलर पुरून उरतो, आणि तोही आम्ही ठेवतो. त्यात बिघडणारी वस्तू एकच, पंखा. लिक्विडमध्ये पाणी फिरवणारा पंप असतो, तो कधीतरी थकणारच. कंपन्या मॉडेलप्रमाणे तीन ते सहा वर्षांची वॉरंटी देतात, ती बघून घ्या आणि बिल सांभाळा.

हॉस्टेल ते घर मशीन नेणाऱ्यांसाठी लिक्विडचा एक फायदा खरा आहे. मोठे टॉवर कूलर किलोभराचे, काही त्याहूनही जड असतात आणि ते सगळं वजन मदरबोर्डला लटकतं. रेडिएटर कॅबिनेटला कसलेला असतो.

बसवणं आमच्याकडेच का

पंपाचं ठिकाण आणि पंपाची वायर, या दोन गोष्टी घरी बसवलेल्या मशीनमध्ये चुकलेल्या दिसतात. बंद नळ्यांमध्येही थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची असली पाहिजे. रेडिएटर खाली लावला आणि पंप उंच राहिला तर हवा पंपात शिरते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो. वायरचं असं की पंप साध्या पंख्याच्या पिनांवर लावला तर मदरबोर्ड त्याला पंखा समजून मशीन थंड असताना हळू करतो. पंप पूर्ण वेगानेच चालायला हवा. आणि मदरबोर्डवरची ‘सीपीयू फॅन’ची वायर लावायची जागा रिकामी ठेवली तर मशीन सुरू होतानाच एरर दाखवून थांबतं. त्या एररसाठी दुकान बंद झाल्यावर फोन येतात.

खालची प्लास्टिक फिल्म न काढता बसवलेले कूलरही येतात. हसू येतं, पण हसत नाही.

आम्ही मशीन एक रात्र ठेवून घेतो तेही याचसाठी. पाणी तापायला वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा कुठल्याही लिक्विड कूलरचा सुंदरच असतो. आम्ही तासभर लोड देतो, रात्रभर चालू ठेवतो, सकाळी नळ्यांच्या जोडांना टिश्यू लावून बघतो. एअर कूलर गेला की मदरबोर्डवरच्या पॉवरच्या भागाला त्याच्या पंख्याचा वारा मिळत नाही, म्हणून मागचा पंखा नसेल तर तो बसवायला सांगतो. ही जादा विक्री वाटत असेल तर वाटू द्या. बसवलेल्याची जबाबदारी आम्ही घेतो, बाहेरून आणलेल्या कूलरची फक्त बसवण्यापुरती.

घरी गेल्यावर एकच पथ्य : मशीन खिडकीतल्या कूलरसमोर ठेवू नका. ओला वारा आणि धूळ मिळून रेडिएटरच्या बारीक जाळीत चिखल बसतो, आणि तो ब्लोअरनेही निघत नाही.

मशीन आणताना मॉनिटर, कीबोर्ड, पॉवर केबल काही आणू नका, आमच्याकडे आहे. गाडीत कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड तळाला येईल असं, म्हणजे जुना कूलर लटकणार नाही. जुन्या कूलरच्या खोक्यातले सुटे स्क्रू, पट्ट्या, प्लेट जे असेल ते मात्र एका पिशवीत घालून आणा. सकाळी अकराच्या आत दिलंत तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल.