राखीव शिलकीवरील व्याज: एका निर्णयाची पार्श्वभूमी

मध्यवर्ती बँकेच्या हाती नेमके काय असते, पैशाचे परिमाण की पैशाची किंमत म्हणजे व्याजदर, हा वाद जुना असला, तरी १९७१ मध्ये डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तुटल्यावर त्याला खरी धार आली. ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदराची पकड सैल करून बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशाचे, म्हणजे राखीव निधीचे, परिमाण आवरण्याचा मार्ग धरला. महागाई उतरली खरी, पण अल्पमुदतीचे दर २० टक्क्यांच्या आसपास जाऊन आले आणि १९८२ मध्ये तो प्रयोग गुंडाळला गेला. त्यानंतर राखीव निधी बेताचाच ठेवून, रोख्यांच्या किरकोळ खरेदी-विक्रीने एका रात्रीच्या कर्जाचा दर हवा तिथे आणण्याची रीत रुळली.

ही रीत २००८ मध्ये मोडली. व्यापारी बँकांच्या राखीव शिलकीवर, म्हणजेच या राखीव निधीवर, व्याज देण्याची मध्यवर्ती बँकेला दिलेली मुभा २०११ पासून लागू व्हायची होती. आर्थिक संकटामुळे ती ऑक्टोबर २००८ मध्येच अमलात आली. आणीबाणीची कर्जे आणि रोखेखरेदी यांमुळे राखीव निधी इतका वाढला, की टंचाईवर बेतलेले जुने तंत्र निकामी झाले. व्याज दिल्याने दराला खालून आधार मिळाला. कर्ज देण्याऐवजी पैसा पडून ठेवण्याचे हे बक्षीस आहे, अशी टीका झाली आणि आजही होते. ती आकर्षक आहे, पण तिच्या मुळाशी गैरसमज आहे. बँक कर्ज देते तेव्हा नवी ठेव निर्माण होते; राखीव निधी एका बँकेतून दुसरीत सरकतो, मात्र रोख रक्कम काढली जाण्यासारखे अपवाद वगळता व्यवस्थेबाहेर जात नाही.

या रोखेखरेदीला ‘नोटा छापणे’ म्हणण्याचा प्रघातही याच गैरसमजातून आला. २०१४ अखेर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद सुमारे साडेचार लाख कोटी डॉलरवर, म्हणजे संकटापूर्वीच्या चौपटीहून वर गेला, तरी त्या वर्षांत महागाई बहुतांशी २ टक्क्यांखालीच राहिली. मार्च २०२० मध्ये तर किमान राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो किमान हिस्सा बँकांनी राखीव ठेवायलाच हवा तो, शून्यावर आणले गेले.

टीकेतला खर्चाचा मुद्दा मात्र टिकणारा आहे. २०२२ पासून दर वेगाने वाढवले गेले, तेव्हा राखीव शिलकीवर द्यायचे व्याज जुन्या, कमी दराच्या रोख्यांच्या उत्पन्नाला भारी पडले आणि सरकारी तिजोरीत नेमाने जाणारा नफा आटला.