शेजारच्या ट्रॅकचा नॉइज: बोर्ड बनवायला द्यायच्या आधी एवढं बघून घ्या

सर्किट बोर्डवरचे दोन ट्रॅक, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या तांब्याच्या बारीक पट्ट्या, एकमेकांना खेटून लांबवर गेले की एकाचा सिग्नल दुसऱ्यात थोडाफार घुसतोच, ह्याला क्रॉसटॉक म्हणतात. मधल्या कपॅसिटन्समधून आणि बदलत्या करंटच्या मॅग्नेटिक फील्डमुळे शेजारच्या लाइनवर व्होल्टेज उमटतं. तसा पल्स नेमका रिसेट लाइनवर आला की कंट्रोलर मधूनच रिस्टार्ट होतो आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतात.

बरेच ग्राहक म्हणतात आमचं क्लॉक तर 1 मेगाहर्ट्झच आहे, आम्हाला काय फरक पडतो. पडतो! फ्रिक्वेन्सीपेक्षा सिग्नल किती झटकन वर-खाली होतो ते महत्त्वाचं, आणि हल्लीच्या बऱ्याच चिप एक-दोन नॅनोसेकंदात लेव्हल बदलतात. ड्रायव्हरच्या, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या चिपच्या, पिनला लागूनच 22 किंवा 33 ओहमचा सिरीज रेझिस्टर टाका, एज, म्हणजे सिग्नलची ही चढ-उतार, जरा मंद होते.

ट्रॅकच्या मध्यापासून शेजारच्या ट्रॅकच्या मध्यापर्यंत निदान रुंदीच्या तिप्पट अंतर ठेवा हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालचं ग्राउंड, म्हणजे करंट परत नेणारा तांब्याचा थर (ग्राउंड प्लेन), किती जवळ आहे. ढोबळ हिशोब असा की ट्रॅकमधल्या अंतराला ग्राउंडपर्यंतच्या उंचीने भागायचं, त्याचा वर्ग करून त्यात 1 मिळवायचा, जेवढा आकडा मोठा तेवढा नॉइज कमी. अंतर 0.5 मिमी असेल तर 1.6 मिमीच्या दोन लेअरच्या बोर्डवर हा आकडा जेमतेम 1.1 येतो, आणि चार लेअरमध्ये ग्राउंड 0.2 मिमीवर आणलं की तोच 7 च्या वर जातो, म्हणून आम्ही चार लेअरचा आग्रह धरतो.

ग्राउंड प्लेनला मध्येच चीर पाडून तिच्यावरून सिग्नल नेऊ नका, परतीचा करंट वळसा घालतो आणि सगळंच बिघडतं. लागून असलेल्या दोन सिग्नल लेअरवर ट्रॅक एकमेकांना काटकोनात न्या. दोन सिग्नलच्या मध्ये आडोशासाठी गार्ड ट्रॅक टाकणार असाल तर दोन्ही टोकांना आणि मध्येमध्ये व्हिया (लेअर जोडणारी तांब्याची भोकं) देऊन ग्राउंडला जोडाच, नुसता लटकत ठेवलेला गार्ड उलट नॉइज पुढे पोचवू शकतो. रिबन केबलमध्ये एक आड एक वायर ग्राउंड ठेवा.

फाइल पाठवताना क्लॉक, रिसेट आणि सेन्सरच्या अ‍ॅनालॉग लाइन कुठल्या ते सोबत लिहून द्या, म्हणजे बोर्ड बनवायच्या आधीच आम्ही त्या लाइन तपासून तुम्हाला कळवू.