जायबंदी सैनिकांचे काउंटी निवृत्तिवेतन (इंग्लंड)

लढाईत जायबंदी होऊन कामधंद्यास असमर्थ ठरलेल्या सैनिकास इंग्लंड व वेल्समध्ये काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) स्थानिक करातून मिळणारे वार्षिक वेतन. राजा व संसद यांच्यातील १६४२–५१ च्या यादवी युद्धांनी या योजनेवर मोठा ताण आणला. त्या युद्धांतील सामान्य शिपायाच्या उत्तरायुष्याची माहिती बव्हंशी याच योजनेच्या दप्तरात सापडते.

योजनेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी लेखकांचा कल वेगवेगळा आहे. संसदेने केलेल्या शुश्रूषेवर भर देणारे लेखन १६४२ पासून सुरू होते. युद्धाच्या प्रारंभीच संसदेने जखमींच्या पोषणाची हमी दिली आणि १६४३ च्या वटहुकुमाने मृत सैनिकांच्या विधवा व मुलांचाही समावेश केला. हा विस्तार खरोखरच नवा होता. इतिहासकार जेफ्री हडसन मात्र एलिझाबेथकालीन १५९३ चा कायदा आरंभबिंदू मानतात. करवसुली, खजिनदार आणि दाखल्यांची पद्धत त्याच कायद्यातून आलेली असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१६०१ च्या सुधारित कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशवर (एका चर्चच्या स्थानिक हद्दीवर) आठवड्यास किमान २ व कमाल १० पेन्स कर बसे. ज्या काउंटीतून सैनिकाची सक्तीने भरती झाली, तिने त्याचा भार उचलावयाचा. सक्तीची भरती नसल्यास जन्माच्या किंवा अखेरच्या तीन वर्षांच्या वास्तव्याच्या काउंटीने. साध्या शिपायास वर्षाला कमाल १० पौंड, लेफ्टनंटखालील अधिकाऱ्यास १५ व लेफ्टनंटास २० पौंड अशी मर्यादा होती. भीक मागताना पकडला गेल्यास वेतन बंद होई. यादवीनंतर प्रत्यक्षात बहुतेकांच्या पदरी १ ते ४ पौंड पडत. संसदेच्या ‘न्यू मॉडेल’ सैन्यातील पायदळ शिपायाचा रोजमुरा ८ पेन्स होता. त्या हिशेबाने (तेव्हा पौंडाचे २४० पेन्स) २ पौंड म्हणजे अवघा साठ दिवसांचा पगार.

अर्ज काउंटीच्या त्रैमासिक सत्रात जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक न्यायाधिकारी) यांच्यापुढे येई. सोबत कॅप्टनचा सहीशिक्क्याचा दाखला लागे. कॅप्टन मेला किंवा परागंदा झाला असेल, तर शिपायाची अडचण होई. मग शेजारी, जुने सोबती किंवा शल्यवैद्य यांची साक्ष कामी येई. अर्ज बहुधा लेखनिक लिहीत, म्हणून ‘निष्ठेने सेवा केली’, ‘बायकामुले उपाशी आहेत’ अशी वाक्ये वारंवार येतात. साच्याबाहेरचा मजकूर मोलाचा आहे: कोणत्या लढाईत गोळी लागली, ती अजून अंगात आहे काय, कोणता हात उचलत नाही. जखम न्यायाधिकाऱ्यांना दाखवता येत असे, त्यामुळे हा तपशील बराचसा विश्वसनीय मानावा. डेव्हनमधील राजपक्षीय सैनिकांच्या अशा अर्जांचा इतिहासकार मार्क स्टॉइल यांनी युद्धस्मृतींचा पुरावा म्हणून अभ्यास केला आहे.

राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये पुन्हा गादीवर आल्यानंतर (पुनःस्थापना) पारडे फिरले. संसदेच्या बाजूने लढलेल्या अनेकांची वेतने थांबवण्यात आली, आणि १६६२ च्या कायद्याने राजा व त्याच्या पित्याची निष्ठेने सेवा केलेल्या गरीब व जायबंदी सैनिकांना हक्क मिळाला. मार्स्टन मूर (१६४४) किंवा नेझबी (१६४५) येथे पराभूत होऊन पंधराहून अधिक वर्षे मदतीविना काढलेल्या राजपक्षीयांना आता कोठे अर्ज करता आला. त्याच रणांगणांवर समोरच्या बाजूस हातपाय गमावलेल्यांना पॅरिशच्या दानधर्मावर विसंबावे लागले. जखमेऐवजी पक्ष पाहून केलेला हा न्याय कठोरच म्हणावा लागतो. त्यांच्या पुढच्या आयुष्याची नोंद दप्तरात क्वचितच मिळते.

१६६२ चा कायदा १६७९ मध्ये संपला, तरी काही काउंट्यांनी वृद्ध सैनिकांना वेतन देणे पुढेही चालू ठेवले. स्कॉटलंड व आयर्लंड या कायद्यांच्या कक्षेबाहेर होते. १६९२ मध्ये खुले झालेले लंडनचे चेल्सी रुग्णालय (वृद्ध व जायबंदी सैनिकांचे निवासस्थान) प्रामुख्याने नव्या खड्या सैन्यासाठी होते.