ब्रेकची वीज म्हणजे गच्चीवरचं सोलर नव्हे

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर बसल्यापासून प्रत्येक जण नेट मीटरचा जाणकार झाला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण मग कुणीतरी कॅलिफोर्नियातल्या कॅलट्रेन या उपनगरी रेल्वेची बातमी टाकतो: गाडी ब्रेक मारताना वीज तयार करते, ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) देते आणि वीज कंपनी तिला त्याचा छदामही देत नाही. खाली लगेच प्रतिक्रिया येतात. "गाडी म्हणजे चालतं-फिरतं पॉवर स्टेशनच की!" "आपल्या लोकललाही नेट मीटर बसवा!" हे वाचून वाचून डोकं उठलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

सोलरचं तुम्हाला सांगायला नको. दुपारी पॅनेल जे बनवतं त्यातलं थोडं घरातला फ्रिज आणि पंखे खातात, उरलेलं मीटरमधून बाहेर जातं. महिनाअखेरीस आत आलेले युनिट उणे बाहेर गेलेले युनिट, शिल्लक राहिली तर पुढच्या बिलात. हेच नेट मीटरिंग. एवढं पुरे.

आता गाडी. पाचशे टनांची गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असेल तर तिच्या वेगात साधारण 54 युनिट ऊर्जा साठलेली असते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये ही सगळी चाकाच्या आणि ब्रेकच्या घर्षणात तापून जाते. रिजनरेटिव्ह ब्रेकमध्ये मोटरच जनित्र होते, चाकं तिला फिरवतात, गाडी मंदावते आणि त्या ऊर्जेचा बराचसा भाग विजेच्या रूपात ओव्हरहेड तारेत परत जातो. म्हणजे गाडीने काहीही 'निर्माण' केलेलं नाही. दोन मिनिटांपूर्वी वेग घेताना तिने जे युनिट विकत घेतले होते, त्यातलेच काही घट सोसून परत केले. सोलरवाला नवीन माल बाजारात आणतो, गाडी घेतलेला माल परत करते. म्हणूनच 'ब्रेकमधून मोफत वीज' हे शब्द वाचले की मला दुकानात साडी परत करून 'मी साड्या बनवते' असं सांगणारी बाई आठवते.

बाकी किरकोळ फरक भरपूर आहेत. सोलर दिवसा, गाडी केव्हाही. सोलरला सबसिडी, ब्रेकला नाही. त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. लोक ठेचकाळतात ते एकाच ठिकाणी: ब्रेकमधून निघालेली वीज आणि मीटर ओलांडून ग्रिडला गेलेली वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅलट्रेन सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे धावते, साधारण 82 किलोमीटर. 21 सप्टेंबर 2024 पासून या पट्ट्यावर डिझेलऐवजी स्टॅडलर कंपनीच्या विजेच्या गाड्या पूर्ण वेळापत्रकाने धावू लागल्या. तारेत आपल्या लोकलसारखाच 25,000 व्होल्टचा एसी प्रवाह. पीजी अँड ई या कंपनीच्या जाळ्यातून ही वीज दोनच ट्रॅक्शन सबस्टेशनांत (ग्रिडची वीज घेऊन गाड्यांच्या तारेला देणाऱ्या केंद्रांत) येते, एक दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोत आणि दुसरं सॅन होजेत. 2025 च्या सुरुवातीला कॅलट्रेनने जाहीर केलं की गाड्या वापरतात त्या विजेच्या सुमारे 23 टक्के वीज ब्रेकमधून परत येते. वर्षाच्या वीजखर्चाचा अंदाज 195 लाख डॉलरवरून 165 लाखांवर आणला, तेही तेव्हाच. त्याच वर्षी आमदार डायान पापन यांनी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एबी 1372 हे विधेयक मांडलं: विजेवरच्या उपनगरी रेल्वेच्या ब्रेकच्या विजेला सोलरसारखंच नेट बिलिंगमध्ये, म्हणजे बाहेर दिलेल्या विजेला कमी दराने का होईना पैसे मिळतात त्या पद्धतीत, घ्या.

इथे बहुतेक वाचक 23 टक्के घेतात, वार्षिक बिलाला गुणतात आणि 'कंपनी एवढे लाख गिळते' म्हणून मोकळे होतात. चूक. का, ते आकड्यांनी बघू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले.

एका सबस्टेशनच्या हद्दीत पंधरा मिनिटांत गाड्यांनी मिळून 1000 युनिट ओढले आणि ब्रेक मारताना 230 परत केले. तारांतली घट सोडून देऊ. ज्या क्षणी एक गाडी स्टेशनात शिरताना ब्रेक मारत असते, त्याच क्षणी त्याच तारेवर दुसरी कुठेतरी स्टेशनातून सुटत असते. समजा 230 पैकी 150 युनिट त्या सुटणाऱ्या गाड्यांनीच तिथल्या तिथे खाल्ले. हे युनिट सबस्टेशनपर्यंत पोचलेच नाहीत. मीटरला त्यांचा पत्ताही नाही. मीटरने आत येताना मोजले 850. उरलेले 80 खाऊ शकेल अशी गाडी त्या क्षणी नव्हती, म्हणून ते ट्रान्सफॉर्मरमधून उलटे ग्रिडमध्ये गेले. बाहेर जाताना मोजले 80.

आता बिल बघा. बाहेर गेलेले 80 बिलात धरलेच नाहीत, तर बिल 850 चं. वजा केले, तर 770 चं. दोन्हींत त्या 150 युनिटांचा फायदा रेल्वेला आधीच मिळालेला आहे, कारण ते तिने विकतच घेतले नाहीत. भांडण असेल तर ते फक्त 80 चं. आणि जो कुणी '230 चं क्रेडिट द्या' म्हणतो, तो 850 मधून 230 वजा करून 620 चं बिल मागतो. म्हणजे 150 युनिट दोनदा पदरात पाडून घेतो. तुमच्या गच्चीवरच्या सोलरचे जे युनिट घरातल्या फ्रिजने खाल्ले त्याचे पैसे तुम्ही महावितरणकडे मागता का? नाही ना? मग गाडीबद्दल का मागता? फ्रिज जागचा हलत नाही आणि शेजारची गाडी धावत असते, एवढ्या एका कारणाने माणसं हे विसरतात.

तेव्हा '23 टक्के' हा आकडा गाडीच्या ब्रेकचं कौतुक करायला उत्तम आहे. बिलाच्या भांडणात त्याचा उपयोग नाही. तिथे सबस्टेशनच्या मीटरवरचा बाहेर जाणारा आकडाच लागतो. वाहतूक गच्च असेल तर हा आकडा लहान होतो, कारण खाणारी गाडी जवळच सापडते. रात्री उशिरा, गाड्या विरळ असताना, तो वाढतो. त्यात मध्ये न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेचे वीज नसलेले तुकडे, असतात. लोकलमध्ये दिवे-पंखे क्षणभर जातात ना, ती जागा. तिच्या अलीकडे असलेल्या गाडीची वीज तारेतून पलीकडच्या गाडीला पोचत नाही. दोन्ही सबस्टेशनांचा हिशेब वेगळा ठेवला तर उत्तरेला निर्यात आणि दक्षिणेला आयात असं एकाच वेळी दिसू शकतं, रेल्वे तीच असली तरी.

डीसी गाड्यांचा मामला निराळा. मिलब्रे स्टेशनात कॅलट्रेनच्या शेजारीच बार्ट या तिथल्या मेट्रोची गाडी उभी राहते. ती 1000 व्होल्ट डीसीच्या तिसऱ्या रुळावर चालते. डीसी सबस्टेशनात साधारणपणे एसीची डीसी करणारे डायोडचे रेक्टिफायर असतात, आणि डायोड म्हणजे एकेरी वाहतुकीची गल्ली. ब्रेकची वीज शेजारच्या गाडीने खाल्ली तर खाल्ली, नाहीतर ती रेझिस्टरमध्ये जाळायची. उलटी पाठवायची तर डीसीची पुन्हा एसी करणारा इन्व्हर्टर वेगळा बसवावा लागतो. एसीच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र दिशेचं सोयरसुतक नसतं. मुंबईतली 1500 व्होल्ट डीसी 2016 मध्ये हार्बरवरून गेली आणि सगळी लोकल 25,000 व्होल्ट एसीवर आली, तेव्हा ग्रिडकडे जाणारी वाटही उघडी झाली. 'लोकल डीसीवर चालते' असं अजूनही ठणकावून सांगणारे भेटतात, त्यांना नमस्कार. ब्रेकची वीज शेजारच्या गाडीला देण्याची युक्ती मात्र आपल्याकडे जुनी आहे. 1928 च्या सुमारास जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने) बोरघाटासाठी आणलेल्या, 'खेकडा' नावाने ओळखल्या गेलेल्या इंजिनांना रिजनरेटिव्ह ब्रेक होता. 37 फुटांत एक फूट अशा चढावर उतरणारी गाडी चढणारीला हात देत असे.

आता त्या 80 युनिटांचं काय करायचं? इथे सोलरची उपमा पुन्हा घात करते. कॅलिफोर्नियात 15 एप्रिल 2023 पासून अर्ज केलेल्या सोलरवाल्यांना नेट मीटरिंग नाही, नेट बिलिंग आहे: आत येणारी वीज पूर्ण दराने, बाहेर जाणारी बऱ्याच कमी दराने. त्यामागचं कारण मला पटतं. दुपारी सगळ्यांचंच सोलर जोरात असतं, वीज स्वस्त असते, आणि तीच घरं संध्याकाळी महाग वीज मागतात. दुपारचा युनिट आणि रात्रीचा युनिट सारखा नाही.

पण ब्रेकचे 80 युनिट दुपारी देऊन रात्री मागितलेले नाहीत. गाडी स्टेशनात शिरताना ते बाहेर गेले आणि मिनिटाभराने तीच गाडी सुटताना तेवढेच आत आले. त्या मिनिटात विजेचा बाजारभाव बदलला नाही, तारा नव्याने टाकाव्या लागल्या नाहीत. आपल्याकडे ग्रिडचा हिशेब दिवसाच्या 96 टाइम ब्लॉकमध्ये, म्हणजे पंधरा पंधरा मिनिटांत होतो. त्या एका ब्लॉकमध्ये बाहेर गेलेलं आत आलेल्यातून सरळ वजा करावं, त्याच दराने. ब्लॉकअखेर रेल्वे नक्त निर्यातदार असण्याची वेळ क्वचितच येईल. आली तरच त्या शिलकीला निर्यातीचा दर लावावा. म्हणून ब्रेकच्या विजेला नेट बिलिंगच्या पेटीत घालणं मला अर्धवट वाटतं. काहीच न मिळण्यापेक्षा बरं, हे कबूल. पण प्रत्येक क्षणाची निर्यात वेगळी मोजून स्वस्तात घेतली तर रेल्वेला परत केलेल्या मालाचे चार आणे मिळतात आणि तोच माल मिनिटाने रुपयाला घ्यावा लागतो. उलट बाजूने, वीज कंपनी 'एवढा क्षणिक झटका आम्हाला नको' म्हणाली, तर तेही पूर्ण खरं नाही. सबस्टेशनातून उलटा गेलेला युनिट जवळच्या कुणाच्या तरी दिव्यात जळतोच, आणि त्याचं बिल त्या घराला जातंच.

शेवटचा घोळ 'क्रेडिट' या शब्दाचा. दिल्ली मेट्रोला रिजनरेटिव्ह ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेतून कार्बन क्रेडिट मिळालं, 2004 ते 2007 या काळात 90,000 टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड टाळल्याबद्दल. ही बातमी दाखवून 'बघा, भारतात ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे मिळतात' असं सांगितलं जातं. कार्बन क्रेडिट हे न जाळलेल्या कोळशाचं असतं. ब्रेकमधून आलेला युनिट शेजारच्या गाडीने खाल्ला काय किंवा मीटर ओलांडून गेला काय, कोळसा तेवढाच वाचतो. त्या हिशेबात 230 बरोबर आहे. वीजबिलाच्या हिशेबात 80.