साईड स्टँड डावीकडे, मग गाडी उजवीकडे का पडते?

साईड स्टँडवर लावलेली मोटरसायकल पडली की पहिला संशय स्टँडवर जातो. वाकला असेल, पिन सैल झाली असेल, स्प्रिंग गेली असेल. कधी कधी ते खरंही असतं. पण पडलेली गाडी उचलण्याआधी ती कोणत्या बाजूला पडली आहे तेवढं बघा. फरशीवर, काँक्रीटवर, तुडवून घट्ट झालेल्या अंगणात उभी असलेली गाडी बहुतेक वेळा उजवीकडे, म्हणजे स्टँडच्या विरुद्ध बाजूला पडते. वावरात किंवा पावसाळ्यात बांधावर लावलेली गाडी डावीकडे पडते. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

स्टँडवरची गाडी तीन ठिकाणी जमिनीला टेकते: पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टँडचा पाय. हे तीन बिंदू जोडले की एक निमुळता त्रिकोण होतो. गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, या त्रिकोणाच्या बरोबर वर असेल तोवर गाडी उभी. गाडी अगदी सरळ असती तर गुरुत्वमध्य दोन चाकांच्या रेषेवरच, म्हणजे त्रिकोणाच्या काठावर आला असता आणि कोणीही येता-जाता तिला उजवीकडे लोटलं असतं. म्हणून स्टँड मुद्दाम आखूड ठेवतात. गाडी डावीकडे कलते आणि त्या कलण्यामुळेच टिकते.

किती टिकते याचा ढोबळ हिशोब करू. गाडी ११५ किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, कल १० अंशांचा आणि स्टँडचा पाय चाकांच्या रेषेपासून २८ सेंटिमीटर लांब असं समजा. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे हलतील, चित्र बदलणार नाही. या गाडीचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेच्या फक्त ८.७ सेंटिमीटर डावीकडे येतो. सीटच्या उंचीवर, म्हणजे ८० सेंटिमीटरवर, डावीकडून ढकललं तर साडेबारा किलोच्या जोरात ती उजवीकडे उलटते. उजवीकडून ढकलून स्टँडवरून पलीकडे पाडायची तर सुमारे २८ किलो जोर लागतो, तोही जमीन पक्की असेल तर. म्हशीने अंग घासायला गाडी निवडली, तर ती कोणत्या बाजूने आली यावर बरंच काही ठरतं. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर गाड्यांची अख्खी रांग आडवी होते तीही याच कमकुवत बाजूला, उजवीकडे.

आता डावीकडचं पडणं. आपल्या गाडीच्या स्टँडवर साधारण ३६ किलो भार येतो. ऐकायला तो काही फार नाही. पण स्टँडचा पाय जेमतेम १० चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोच्या वर गेला. ६५ किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा असतो तेव्हा हाच दाब ०.२ किलोच्या आसपास असतो. जिथे आपण आरामात उभे आहोत तिथे स्टँडही राहील हा अंदाज इथे फसतो, कारण स्टँड पंधरापटीहून जास्त टोचतो.

तापी, गिरणा, पांझरेच्या काठची काळी जमीन या बाबतीत फसवी आहे. बसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ढेकूळ दगडासारखं लागतं. तीच जमीन जुलैत लोण्यासारखी होते. मऊ, ओली चिकणमाती साधारण एक-दीड किलोपेक्षा जास्त दाब पेलत नाही. वर वाळलेली पापडी आणि खाली ओल अशी अवस्था सगळ्यात वाईट, कारण स्टँड आधी काही वेळ टिकतो. मग पाय २ सेंटिमीटर रुतला की कल १० वरून १४ अंशांवर जातो, गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेपासून १२ सेंटिमीटर डावीकडे जातो आणि स्टँडवरचा भार ३६ वरून ४९ किलो होतो. भार वाढला म्हणून स्टँड आणखी रुततो, रुतला म्हणून भार आणखी वाढतो. गाडी एकदम पडल्यासारखी वाटते, पण ती बराच वेळ पडतच होती.

उन्हाळ्यात हेच डांबरावर होतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांवर तापलेला असतो. रस्त्यांसाठी सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडायला लागतं ते तापमान, किमान ४७ अंश असावा, असं मानक सांगतं. खडीच्या सांगाड्यामुळे रस्ता वाहून जात नाही, पण तापलेलं डांबर क्षणभराचा भार झेलतं आणि तोच भार तासन् तास राहिला तर हळूहळू दबतं. म्हणून पाच मिनिटं चहाला थांबलेली गाडी शाबूत राहते आणि दुपारभर लावलेली खड्डा पाडून कलते.

स्टँडखाली काहीतरी ठेवायचं, हे सगळ्यांनाच सुचतं. चूक होते ती जाडीत. हाताशी सापडलेला ३ सेंटिमीटरचा दगड सरकवला की कल सहा अंशांनी कमी होतो. चारच अंश उरतात आणि साडेबाराऐवजी पाच किलोच्या धक्क्याने गाडी उजवीकडे जाते. रुतण्यापासून वाचवलेली गाडी अशी दुसऱ्या बाजूने पाडली जाते. हवी असते रुंदी, उंची नको. हाताच्या पंजाएवढी पातळ लोखंडी पट्टी पुरते: १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा दाब दहापट कमी करतो आणि कल जवळजवळ तसाच ठेवतो. वेल्डिंगवाल्याकडून स्टँडच्या पायालाच पट्टी जोडून घेता येते, पण गाडी डावीकडे वळताना ती रस्त्याला घासणार नाही इतपतच रुंद ठेवा.

मागे ओझं असेल तर प्रकरण खरं रंगतं. दुधाचे दोन भरलेले कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेत, प्रत्येकी ४५ किलोचे, मधल्या रेषेपासून ३५ सेंटिमीटरवर. दोन्ही असताना स्टँडवर ६३ किलोच्या आसपास भार येतो. दूधवाला उतरतो डावीकडून, तेव्हा हात आधी डाव्या कॅनला जातो. तो काढला की उजव्या कॅनचा ओढा गाडीच्या कलापेक्षा जास्त ठरतो, गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेच्या उजवीकडे जातो आणि गाडी दुधासकट उलटते. धक्का लागतच नाही. आधी उजवा कॅन काढला तर गाडी उलटत नाही, पण स्टँडवर १०० किलोच्या वर भार येतो. खाली चिखल असेल तर काम तमाम. या हिशोबात मागचे शॉकअप दबतात हे धरलेलं नाही. ते दबले की गाडी खाली बसते, स्टँड तेवढाच राहतो, म्हणजे तुलनेने लांब होतो आणि गाडी आणखी सरळ उभी राहते. केळीच्या पानांचा भारा बांधला की गाडी ‘छान सरळ’ दिसते ना, तेव्हाच ती सगळ्यात धोक्यात असते. ओझ्याच्या गाडीला डबल स्टँडच हवा. नव्या गाड्यांमधून तो गायब होत चाललाय, याचं मला तरी आश्चर्य वाटतं.

वाऱ्याचं थोडक्यात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ताशी ६० किलोमीटरचा वारा कव्हर घातलेल्या गाडीवर आडवा आला तर साधारण १७ किलोचा जोर लावतो, आणि तो डावीकडून आला तर आपली नमुन्याची गाडी पडायला तेवढा पुरू शकतो. मोकळ्या जागी गाडी अशी लावा की वारा उजवीकडून येऊन तिला स्टँडवर दाबेल. हँडल डावीकडे वळवून लॉक केलं तर पुढच्या चाकाचा टेकण्याचा बिंदू किंचित उजवीकडे सरकतो आणि त्रिकोण थोडा रुंद होतो.

उतारावर तोंड चढाकडे ठेवा आणि पहिला गिअर टाका. स्टँड उघडताना पुढे येतो, त्यामुळे गाडी पुढे सरकली की तो मिटायला बघतो. मागे सरकली तर आपल्या अडणीवर आणखी घट्ट बसतो. रस्त्याच्या डाव्या कडेला जमीन बाहेरच्या बाजूला उतरती असते, तिथे कल वाढतो. उलट्या बाजूला लावलीत तर स्टँड चढाकडे येतो आणि कल घटतो.

आपल्या गाडीचे आकडे बघायचे असतील तर घरातला वजनकाटा स्टँडच्या पायाखाली ठेवा आणि दोन्ही चाकांखाली काट्याच्याच जाडीच्या फळ्या घाला. फळ्या विसरलात तर उंच झालेल्या स्टँडमुळे आकडा खोटा, कमी येईल. दुसऱ्या माणसाला हँडल धरायला सांगा, मागे डावीकडे एक पाण्याची बादली लटकवून आकडा बघा, मग तीच उजवीकडे लटकवा.