डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी : रचना आणि देखभाल

पाण्याखाली विजेच्या मोटरवर चालणारी आणि डिझेल जनरेटरने बॅटरी चार्ज करणारी हल्लेखोर पाणबुडी. भुसावळ यार्डात दिसणारे डिझेल इंजिनही डिझेल-इलेक्ट्रिकच. पण त्यात जनरेटरची वीज थेट चाकांच्या मोटरांना जाते. पाणबुडीला मध्ये बॅटरी लागते, कारण बुडी मारल्यावर डिझेलला हवा मिळत नाही. म्हणून देखभालीत सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालावे लागते ते बॅटरीसाठी.

भारतीय नौदलात रशियन बनावटीचा सिंधुघोष, जर्मन आराखड्याचा शिशुमार आणि फ्रेंच आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेला कलवरी हे वर्ग आहेत. ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये, तर वर्गातली सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली.

कलवरीत सुमारे ७५० किलोचा एक असे ३६० शिसे-आम्ल सेल असतात. प्रत्येकाचे व्होल्टेज, तापमान आणि आम्लाची घनता नोंदली जाते. पातळी उतरली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतात. उडते ते पाणी, आम्ल नव्हे. सेल एका रांगेत जोडलेले असल्याने एखादा कमजोर पडला तर खोल डिस्चार्जमध्ये त्याची ध्रुवता उलटते (धन-ऋण टोकांची अदलाबदल होते) व तो तापतो. असा सेल जोडपट्टी टाकून वगळतात. सेलच्या माथ्यावरचा आम्लाचा ओलावा अर्थ-गळती (बोटीच्या लोखंडात वीज गळणे) घडवतो, म्हणून तो पुसून मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी करतात.

चार्जिंगच्या शेवटी, सेल २.४ व्होल्टच्या आसपास पोचल्यावर, पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. त्यामुळे हा वायू बाहेर काढणारा पंखा बंद पडला तर चार्जिंगही बंद, यात सवलत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला ‘सिंधुरक्षक’च्या बॅटरी कप्प्यात आग लागून एक नौसैनिक दगावला. समुद्राचे पाणी सेलमध्ये शिरले तर विषारी क्लोरीन तयार होतो. कप्प्याचा तळ कोरडा ठेवतात तो यासाठीच.

पृष्ठभागाच्या जरा खाली राहून बॅटरी चार्ज करताना डिझेलसाठी हवा ओढायला पाण्याबाहेर काढलेली नळी म्हणजे स्नॉर्केल. तिच्यावर लाट आली की तिची झडप मिटते आणि डिझेल आतलीच हवा ओढू लागते. कानाला दडे बसतात. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की इंजिन आपोआप थांबते. झडपेचे सील आणि फ्लोट वेळेवर न पाहिल्यास पाणी थेट आत येते.

सुक्या गोदीत रंग खरवडून बोटीच्या कवचाची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजतात, झिंक ॲनोड (कवचाऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे ठोकळे) बदलतात, समुद्राकडच्या झडपा व शाफ्टचे सील उघडतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे खानदेशातल्या आयटीआयमध्ये शिकवले जाणारे ट्रेडच इथे लागतात. सेल क्रेनने एकेक करून बदलतात. सुमारे २७० टनांचे हे ओझे बोटीचा तोलही सांभाळते. त्यामुळे नवे सेल बसले की वजनाचा हिशेब पुन्हा मांडून, उथळ पाण्यात बुडी मारून ट्रिम (पाण्याखालचा बोटीचा समतोल) तपासावाच लागतो.