श्रीलंकेतले वाचलेले जीव

१९९५ च्या सुमारास श्रीलंकेत दर लाख लोकांमागे वर्षाला जवळपास ४७ जण आत्महत्येने मरत होते. जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हा एक. देशात यादवी पेटलेली, तरुणांच्या हाताला काम नाही. अशा मुलखात आणखी काय होणार, असं म्हणून कोणीही हात झटकले असते. पण पुढच्या दहा वर्षांत हा दर निम्म्यावर आला. यादवी मात्र २००९ पर्यंत चालूच होती.

संशोधकांनी बेरोजगारी, घटस्फोट, दारूचा खप, युद्धाची वर्षं असं सगळं या उतरत्या आलेखाशी ताडून पाहिलं. काहीच जुळेना. जुळल्या त्या शेतीच्या औषधांवरच्या बंदीच्या तारखा. सर्वांत विषारी गटातली उरलीसुरली कीटकनाशकं सरकारने १९९५ मध्ये बंद केली, १९९८ मध्ये आणखी एकावर बंदी आली आणि २००८ पासून टप्प्याटप्प्याने आणखी काही बाजारातून गेली. दर उतरत राहिला. १९९६ ते २००५ या दहा वर्षांत आधीच्या दशकापेक्षा सुमारे २०,००० आत्महत्या कमी झाल्या. १९९५ पासूनच्या वीस वर्षांत वाचलेल्या जिवांचा अंदाज ९३,००० आहे आणि एका जिवामागे सरकारचा थेट खर्च ५० डॉलरपेक्षाही कमी. भाताचं उत्पादन घटेल अशी ओरड झाली होती, पण तसं काही दिसलं नाही.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रुग्णालयांतल्या नोंदींचा भाग. विषबाधेने दाखल होणाऱ्यांची संख्या या काळात घटली नव्हती. दाखल झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण घटलं होतं. म्हणजे घरातली भांडणं, कर्ज, अपमान, नैराश्य हे सगळं होतं तिथेच होतं. फक्त त्या वाईट घटकेला हाताशी असलेली वस्तू पूर्वीइतकी जीवघेणी राहिली नव्हती, म्हणून माणसं जगली.

‘ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधतोच,’ असं आपल्याकडे अगदी शहाणीसुरती माणसंही म्हणतात. पुरावा याच्या उलट आहे. मरण्याची इच्छा सहसा कायमची ठाण मांडून बसत नाही. ती उसळते, काही वेळ टिकते आणि ओसरते. गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. तेवढा वेळ निभावून नेला की बहुतेकांना पुढचं आयुष्य मिळतं.

आता आपल्याकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यात २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. दरवर्षी ‘महाराष्ट्र पहिला’ असा मथळा येतो. पण महाराष्ट्राची लोकसंख्याही प्रचंड आहे. लाखामागचा दर काढला तर सिक्कीम ४३.१ वर आणि केरळ २८.५ वर, आपल्या कितीतरी पुढे. देशाची सरासरी १२.४. बिहारचा दर अवघा ०.६! बिहारमध्ये खरोखर इतकं सुख नांदतं यावर माझा तरी विश्वास नाही. हे आकडे पोलिसांच्या दप्तरातून येतात. बदनामीची भीती आणि चौकशीचा ससेमिरा यांमुळे कित्येक मृत्यू ‘अपघात’ म्हणून नोंदले जातात. २०१० साली पोलिसांकडे सुमारे १,३५,००० आत्महत्यांची नोंद होती. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणं विचारणाऱ्या एका मोठ्या पाहणीचा त्याच वर्षाचा अंदाज होता १,८७,०००. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, तेव्हाचा हा काळ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरायला आणि तिची काळजी घ्यायला सांगितलं.

महाराष्ट्राच्या आकड्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. आत्महत्या म्हटलं की आपल्याला विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी आठवतो आणि ते दुखणं खरंच आहे. पण २०२२ च्या त्या २२,७४६ मध्ये शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ होते. उरलेल्या चार-पंचमांशाहून जास्त लोकांवर चर्चा कुठे होते? देशाच्या आकड्यात चौथ्या भागाहून जास्त माणसं रोजंदारीवर जगणारी आहेत. गृहिणींची संख्या शेतकऱ्यांहून कितीतरी मोठी आहे. कर्जमाफीचा त्यांना काय उपयोग?

म्हणूनच एकच कारण शोधत बसण्यापेक्षा ती वाईट घटका कुठे आणि कधी येते हे पाहणं फायद्याचं. दहावीचा निकाल ही अशी एक ठरलेली घटका. नापास झालं की पूर्वी ‘ऑक्टोबरची वारी’ ठरलेली असे आणि वर्ष हमखास वाया जाई. २०१५ पासून राज्य मंडळाने फेरपरीक्षा जुलैतच घ्यायला सुरुवात केली. वर्ष गेलं, सगळं संपलं, असं वाटायचं कारणच त्यामुळे बरंचसं सैल होतं. तमिळनाडूने हा मार्ग आपल्या आधीच धरला होता. यात ना समुपदेशक लागतो ना औषध. वेळापत्रक बदलावं लागतं, बस्स.

डॉक्टरांची गरज नाही असा याचा अर्थ काढू नये. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. ‘मरावंसं वाटतं का?’ असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतूनही बोलता येतं. स्वतःसाठी करता येतो, तसाच घरातल्या किंवा शेजारच्या कुणाची काळजी वाटत असेल तर त्यांच्यासाठीही.